झोपलेल्या तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही, हे नेमकं मोजतात कसं?

रानजाई (सोमवार, रात्री ९:४०)

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ तीन आठवड्यांचं आहे, नाशिकला असते ती. घरी सोडण्याआधी दवाखान्यात बाळाच्या कानात छोटंसं बोंडूक घालून तपासणी केली. उजव्या कानाला 'पास', डाव्याला 'रेफर' असा कागद हातात दिला आणि पुढे कुणी काही समजावून सांगितलं नाही. आता बालरोगतज्ज्ञांनी 'बेरा' करायला सांगितली आहे. ती बाळ झोपेत असतानाच करतात म्हणे.

मोठ्या माणसाची कानाची तपासणी मला ठाऊक आहे. हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. पण बाळ बटण दाबत नाही, बोलत नाही, आणि वर झोपलेलं! मग ऐकू आलं हे ठरवणार कोण? यंत्र नक्की बघतं तरी काय? आणि त्याच्याही मागचा प्रश्न: दुसऱ्याला आत काय जाणवतंय हे बाहेरून मोजता येतं का मुळात? घरात सगळे घाबरलेत. माहितगारांनी कृपया सविस्तर लिहा.

मीठभाकर (सोमवार, रात्री ९:५८)

रानजाई, आधी बहिणीला धीर द्या. माझ्या पुतण्याचंही अगदी असंच झालं होतं. कानात ओलावा होता, महिन्याभराने दोन्ही कान पास. आज तो दुसऱ्या खोलीतून बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज ऐकतो.

श्रवणा (सोमवार, रात्री १०:३५)

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

दवाखान्यात झाली ती ओएई. आपल्या कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी आवाज आला की स्वतः आखडतात-ताणतात, आणि त्यातून एक अतिशय क्षीण आवाज उलट बाहेर येतो. म्हणजे निरोगी कान ऐकतो आणि थोडा 'बोलतो'ही. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा आवाज पहिल्यांदा टिपला. बोंडकात एक स्पीकर असतो आणि एक माइक. परतीचा आवाज मिळाला तर पास, नाही मिळाला तर रेफर. रेफर म्हणजे पुन्हा तपासा, एवढंच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कानाच्या नळीत चिकटा असतो, पडद्यामागे पाणी असू शकतं. मग आवाज आत नीट पोचत नाही आणि परत येणाराही अडतो.

आता बेरा. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात 'टक् टक् टक्' असे आवाज सोडतात, सेकंदाला वीस-तीस. प्रत्येक टक् नंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत श्रवणाची नस आणि मेंदूचं खोड यांतून विजेच्या बारीक लहरी एकामागून एक जातात. आम्ही त्यांना पहिली ते पाचवी असे क्रमांक देतो. पहिली नसेतून उठते. पाचवी मेंदूच्या खोडातल्या वरच्या भागाजवळची, आणि ती सगळ्यांत चिवट. आवाज कमी करत नेला की बाकीच्या लहरी आधी नाहीशा होतात, पाचवी शेवटपर्यंत टिकते. ती ज्या पातळीपर्यंत दिसते, त्यावरून श्रवणाचा उंबरठा काढायचा. झोपेत तो मार्ग बंद होत नाही, म्हणून बाळ झोपलेलं चालतं. उलट झोपलेलंच हवं, कारण हातपाय हलवले की स्नायूंची वीज सगळा आलेख बिघडवते.

एक व्यवहारातली गोष्ट. अपॉइंटमेंटच्या आधी बाळाला झोपू देऊ नका, आणि भुकेलं घेऊन या. इलेक्ट्रोड लावायच्या जागी त्वचा खरखरीत जेलने घासावी लागते आणि बहुतेक बाळं नेमकी तेव्हाच उठतात. आधी घासून इलेक्ट्रोड लावायचे, मग आईने पाजायचं, मग बाळ झोपलं की सुरू. इतक्या लहान बाळाला सहसा झोपेचं औषध लागत नाही.

रानजाई (सोमवार, रात्री १०:५१)

श्रवणाताई, किती नीट समजावलंत! हे आत्ताच बहिणीला पाठवते. पण एक कळलं नाही. मेंदूत तर चोवीस तास काही ना काही चालू असतं. त्यात या एका टक् ची लहर वेगळी ओळखतात कशी?

तारामंडळ (सोमवार, रात्री ११:२०)

याचं उत्तर मी देतो, हा आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा प्रांत.

डोक्यावरून मिळणारी मेंदूची एकूण वीज काही दहा मायक्रोव्होल्ट असते. बेराची लहर एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान. एकदाच टक् करून बघितलं तर काहीही दिसणार नाही. म्हणून तोच टक् दोन हजार वेळा वाजवतात आणि प्रत्येक वेळी आवाजाच्या क्षणापासून पुढचा तुकडा कापून सगळे तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढतात. बाकीच्या विजेचा आवाजाशी संबंध नसतो, ती कधी वर कधी खाली, म्हणून सरासरीत झिजत जाते. टक् ला बांधलेली लहर मात्र दर वेळी त्याच जागी येते, म्हणून टिकते. गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने उतरतो: दोन हजार वेळा केलं की साधारण पंचेचाळीसपट कमी. दादर स्टेशनच्या गर्दीत कुणी दर वेळी ठरल्या ठेक्याला टाळी वाजवत असेल, तर हजारो ठेके एकावर एक ठेवल्यावर शेवटी टाळीच उरेल, तसं.

डोक्यावरची ही वीज माणसात पहिल्यांदा नोंदवली हान्स बर्गर यांनी, जर्मनीत येना इथे, १९२४ मध्ये. प्रसिद्ध केली १९२९ साली. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला आठ ते तेरा आंदोलनांची लय उमटते आणि डोळे उघडले की दबते, हे त्यांनीच दाखवलं. त्या लहरी नुसत्या डोळ्यांना दिसतात. बेराच्या लहरी दिसायला सरासरी काढणारं यंत्र यावं लागलं.

कातळ (मंगळवार, सकाळी ७:१५)

मग प्रश्न सुटलाच की. यंत्राने लहर दाखवली म्हणजे ऐकू येतं, नाही दाखवली म्हणजे येत नाही. मोठ्यांनाही हेच करावं. ते बटण दाबणं मला पहिल्यापासून कच्चं वाटतं. माणूस खोटं बोलतो, घाबरतो, अंदाजाने दाबतो. विज्ञान म्हणायचं तर माणसाचं मत त्यातून काढूनच टाकायला हवं.

श्रवणा (मंगळवार, सकाळी ८:०५)

कातळ, इथे माझा ठाम विरोध. बेराची लहर सांगते की संदेश मेंदूच्या खोडापर्यंत पोचला. त्या व्यक्तीला तो *ऐकू आला* का, हे ती सांगत नाही. काही मुलांमध्ये ओएई उत्तम येते आणि बेरामध्ये एकही नीट लहर नसते. पेशी ठीक असतात, पण नसेतले संदेश एकाच वेळी निघत नाहीत, विस्कटतात. मग सरासरीत काहीच उरत नाही. तरीही यातल्या काही मुलांना आवाज ऐकू येतो, बोलणं मात्र उमगत नाही. नुसत्या बेरावर 'पूर्ण बहिरं' असा शिक्का मारला तर अन्याय होईल.

आणि बटणाची तपासणी कच्ची नाही. ऐकू आलं की आम्ही आवाज १० डेसिबलने उतरवतो, नाही आलं की ५ ने चढवतो, आणि उंबरठ्याशी असं पुन्हा पुन्हा वर-खाली करतो. आवाजांमधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवतो, म्हणजे लयीवर बटण दाबणारा उघडा पडतो. एका कानाची तपासणी चालू असताना गरज पडली तर दुसऱ्या कानात खरखर सोडतो, नाहीतर चांगला कान कवटीतून आलेला आवाज ऐकून 'मदत' करतो.

खोटं बोलण्याचं म्हणाल, तर त्यालाही शंभरेक वर्षांची जुनी युक्ती आहे, स्टेंगर. एकच स्वर दोन्ही कानांत एकदम वाजवला की माणसाला तो जिथे जास्त मोठा तिथेच ऐकू येतो. समजा, नुकसानभरपाईसाठी कुणी म्हणतो उजवा कान गेला. मी डाव्या कानात सहज ऐकू येईल इतका स्वर सोडते आणि त्याच वेळी उजव्यात त्याहून बराच मोठा. उजवा खरंच गेला असेल तर तो म्हणेल, "हो, डावीकडे आला." नाटक करणाऱ्याला मात्र तो फक्त उजवीकडेच जाणवतो, आणि उजवीकडचं तर लपवायचंय, म्हणून तो गप्प बसतो. डावीकडे स्पष्ट आवाज असताना गप्प बसला, इथेच पकडला जातो.

मीठभाकर (मंगळवार, सकाळी ८:१२)

स्टेंगर!! आमच्या घरी भाजी आणायला सांगितली की एका सदस्याचे दोन्ही कान जातात. त्याला काही तपासणी?

लाइपझिगकर (मंगळवार, दुपारी १:३०)

शिक्षणासाठी मी जर्मनीतल्या लाइपझिगला आहे, आणि जाणिवा मोजण्याचा हा सगळा विषय इथेच जन्माला आला, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

एर्न्स्ट वेबर इथे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी लोकांच्या हातात वजनं दिली आणि विचारलं, कुठलं जड? १८३४ च्या ग्रंथात त्यांनी मांडलं की फरक कळायला लागणारी वाढ ठरावीक ग्रॅमची नसते, मूळ वजनाच्या ठरावीक *हिश्श्या*ची असते. उचललेल्या वजनांसाठी हा हिस्सा साधारण चाळिसावा. म्हणजे ४०० ग्रॅमवर दहा ग्रॅम वाढले तर जेमतेम कळेल, चार किलोवर तेच दहा ग्रॅम कळणारच नाहीत. दोन टोकं त्वचेवर टेकवून ती एक वाटतात की दोन, हेही वेबर यांनीच मोजलं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं अंतर कळतं, पाठीवर चार सेंटिमीटर असलं तरी दोन टोकं एकच वाटू शकतात. घरी कंपासने करून पाहा, मुलांना फार आवडतं.

मग गुस्ताव फेश्नर. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. रंगीत काचांमधून सूर्याकडे बघण्याच्या प्रयोगांत डोळे इतके दुखावले की त्यांना पद सोडावं लागलं, कित्येक महिने अंधाऱ्या खोलीत काढले. २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना सुचलं की बाहेरचा जोर पटीने वाढतो तेव्हा आतली जाणीव पायरीपायरीने वाढते, आणि हे नातं गणितात बांधता येईल. त्यावरचा ग्रंथ १८६० मध्ये आला. या क्षेत्रातले लोक आजही २२ ऑक्टोबर 'फेश्नर दिन' म्हणून पाळतात. नियम पुढे जसाच्या तसा टिकला नाही. अमेरिकेत स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये दाखवलं की प्रत्येक संवेदनेचा वाढीचा घातांक वेगळा: उजेड खूप वाढवला तरी जाणीव हळू वाढते, विजेच्या झटक्यात मात्र थोडं वाढवलं की जाणीव झपाट्याने वर जाते. पण श्रवणाताई जे वर-खाली करतात, त्या पद्धतीचं मूळ फेश्नर यांच्याकडेच आहे.

कातळ, माझ्या मते या दोघांचं मोठेपण यंत्रात नव्हतंच. त्यांच्याकडे कवडीचंही यंत्र नव्हतं. माणसाला प्रश्न *कसा* विचारायचा, हे त्यांनी ठरवलं. आजही याचं सगळ्यात नाजूक उपकरण तेच आहे.

कातळ (मंगळवार, दुपारी २:०२)

प्रश्न विचारण्याची पद्धत म्हणजे उपकरण, हे वाक्य छान आहे, पण मला पटायला पुरावा हवा.

तारामंडळ (मंगळवार, रात्री ९:१०)

पुरावा घ्या. १९४२, कोलंबिया विद्यापीठ. हेश्ट, श्लेर आणि पिरेन यांना शोधायचं होतं की डोळ्याला कमीतकमी किती प्रकाश दिसतो. माणसाला अर्धा तास आणि वर पूर्ण अंधारात बसवलं. डोकं हलू नये म्हणून दातांत पट्टी धरायची. मग हिरव्या प्रकाशाचा एक मिलिसेकंदाचा ठिपका, डोळ्याच्या अशा कोपऱ्यात जिथे अंधारात बघणाऱ्या पेशी दाट असतात. दिसला की 'हो', नाही तर 'नाही'. त्या हो-नाहीच्या आलेखाच्या निव्वळ चढावरून त्यांनी काढलं की ठिपका दिसायला दृष्टिपटलात पाच ते आठ प्रकाशकण शोषले गेले तरी पुरतात. आजच्यासारखी उपकरणं नसताना, फक्त माणसाच्या हो-नाहीवरून!

यात एक अडचण उरतेच. एखादा माणूस धाडसी असतो, जरा शंका आली की 'हो' म्हणतो. दुसरा जपून बोलतो. दोघांचे डोळे सारखेच, उत्तरं वेगळी. याचं उत्तर रडारच्या पडद्यांसमोर बसणाऱ्यांच्या अडचणीतून आलं: विमान आहे की नुसता ठिपका? त्या गणितावर ग्रीन आणि स्वेट्स यांचं १९६६ चं पुस्तक या क्षेत्रात पायाभूत मानतात. मध्येमध्ये काहीच न दाखवता विचारायचं, आणि खोट्या 'हो'चं प्रमाण मोजायचं. म्हणजे नजर किती तीक्ष्ण आणि माणूस किती उतावीळ हे दोन वेगळे आकडे मिळतात. नाहीतर सरळ सक्तीची निवड: "ठिपका पहिल्यांदा होता की दुसऱ्यांदा? माहीत नसेल तरी एक सांगा." २०१६ मध्ये असंच विचारून एकेका प्रकाशकणावर प्रयोग झाला. माणसं म्हणत होती काही दिसलं नाही, तरी हजारो उत्तरांत बरोबर उत्तरं निम्म्यापेक्षा किंचित, पण खात्रीने जास्त निघाली.

सुगरणीचं_घर (मंगळवार, रात्री ९:४४)

सक्तीच्या निवडीवरून चहाची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं होतं की कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर यांनी आठ कप मांडायचा प्रयोग रचला: चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून. निव्वळ नशिबाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या त्यांच्या पुस्तकात हाच प्रयोग समजावून दिलाय.

आमच्याकडे सासूबाई म्हणतात की गॅसवरची आणि चुलीवरची भाकरी डोळे मिटून ओळखेन. येत्या रविवारी आठ भाकऱ्या मांडणार आहे.

मीठभाकर (मंगळवार, रात्री ९:५०)

परीक्षक म्हणून मी येतो. पिठलं लागेल, प्रयोगासाठी.

डॉ_सह्याद्री (बुधवार, सकाळी ६:५०)

तारामंडळ यांनी 'काहीच न दाखवता विचारायचं' असं लिहिलं, ते आम्ही दवाखान्यात रोज करतो.

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची संवेदना बघायला नायलॉनचा एक तंतू असतो. तो पायावर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा भार पडतो. दाबणारा हात कुणाचाही असो, तंतू वाकला की भार तेवढाच, हीच त्यातली करामत. फोन फ्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेच घोड्याच्या केसांनी केलं होतं. आधी तंतू रुग्णाच्या हाताला लावून दाखवायचा, म्हणजे काय अपेक्षित आहे ते कळतं. मग डोळे मिटायला सांगायचे. अंगठा, तळव्याचा पुढचा भाग अशा ठरलेल्या जागी टेकवायचा, घट्ट्यावर कधीच नाही, तिथली कातडी जाड असते. आणि अधूनमधून न टेकवताच विचारायचं, "आता लागतंय?" पुष्कळ काका-काकू डॉक्टरांचं मन राखायला "हो हो" म्हणतात! न टेकवता आलेला 'हो' सांगतो की बाकीच्या 'हो'वर किती विसंबायचं. ज्याला तंतू कळत नाही, त्याला चपलेतला खडाही कळत नाही, आणि पायाची जखम तिथून सुरू होते. कुष्ठरोगाच्या कामातही वेगवेगळ्या जाडीचे असे तंतू वापरतात. ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी, दोन-तीन मिनिटांत होते.

सुगरणीचं_घर (बुधवार, सकाळी ९:०५)

वासाचं काय हो? कोविडमध्ये मला फोडणीचा वास कित्येक दिवस येत नव्हता.

डॉ_सह्याद्री (बुधवार, दुपारी १:४०)

वासासाठी अमेरिकेत ४० वासांची पुस्तिका निघाली, १९८४ पासून आहे. पानावरचा पट्टा खरवडायचा, वास घ्यायचा, चार पर्यायांतून एक निवडायचा, निवडणं सक्तीचं. नुसत्या नशिबानेही दहाच्या आसपास बरोबर येतात. म्हणून कुणाला चाळिसात दोन-तीनच मिळाले तर आम्ही सावध होतो: बरोबर उत्तर ओळखून टाळल्याशिवाय इतकं कमी येणं अवघड. पण वास ओळखायला तो आधी आयुष्यात भेटलेला असावा लागतो. भोपळ्याचा 'पाय' (तिकडचा भाजलेला गोड पदार्थ) किंवा 'रूट बीअर' (तिकडचं एक पेय) आपल्या आजीने कधी हुंगलंय? नाक शाबूत असून ती नापास होईल. आपल्याकडे हिंग, वेलची, खोबरेल असे वास हवेत.

पेठकरी (बुधवार, सायंकाळी ७:२५)

जरा वेगळा, पण गंभीर मुद्दा. मेंदूची वीज मोजून 'आतलं' कळतं या विश्वासाचं टोक आपल्या पुण्यातच गाठलं गेलं. २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीचा निकाल पुरावा म्हणून विचारात घेतला गेला आणि जन्मठेप झाली. गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि 'अनुभवाची आठवण' लहरींत दिसते का बघायचं, अशी ती पद्धत. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि असली मेंदू-चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. कातळराव, माणसाचं मत काढून टाकून फक्त यंत्राचं ऐकायचं म्हटलं की गाडी इथे जाते.

तारामंडळ (बुधवार, रात्री ८:१०)

पेठकरींना पूर्ण अनुमोदन. एफएमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन, त्याच्या रंगीत चित्रांबद्दलही हेच. ते यंत्र मेंदूचे विचार बघत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा फरक बघतं, आणि तो फरक घटनेनंतर पाचेक सेकंदांनी शिगेला पोचतो. मेंदूचे हजारो चौकोनी तुकडे एकदम तपासायचे म्हटलं की काही तुकडे योगायोगाने 'उजळतात'च. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि आकडेमोडीत आवश्यक दुरुस्ती न करता पाहिलं तर मृत माशाच्या मेंदूतही 'प्रतिसाद' दिसला. ती दुरुस्ती केली की तो नाहीसा झाला.

कातळ (बुधवार, रात्री ९:००)

मासा आणि मायक्रोव्होल्ट दोन्ही वाचून पुन्हा विचार केला. माझं म्हणणं आता असं: जिथे माणूस उत्तर देऊ शकतो तिथे नीट रचलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर आधी. पण जो उत्तर देऊच शकत नाही, त्याच्यासाठी यंत्राला पर्याय नाही. रानजाईंच्या भाच्याचं उदाहरण तेच सांगतं. तेवढ्यापुरता मी यंत्राच्या बाजूने उभा आहे.

श्रवणा (बुधवार, रात्री ९:३५)

आता आपलं जमलं! फक्त 'उत्तर देऊच शकत नाही' हे फार काळ खरं राहत नाही. सहाएक महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. मग त्याला आईच्या मांडीवर बसवून बाजूच्या स्पीकरमधून स्वर सोडायचा आणि मान वळली की तिथलं खेळणं दिव्यांनी उजळवायचं. बाळाला खेळणं बघायची गोडी लागते आणि ते आवाज शोधू लागतं. हे त्याचं बटण! इथेही मध्येमध्ये आवाज न सोडता बघायचं की मान उगाचच वळते का. बेराचा अंदाज या उत्तरांशी ताडून पाहायचा असतो.

रानजाई (गुरुवार, दुपारी ४:१५)

बेरा झाली! श्रवणाताई, सांगितल्याप्रमाणे भुकेलं नेलं, जेल घासताना रडला, मग दूध पिऊन गाढ झोपला. उजवा कान नॉर्मल. डाव्या कानात पाचवी लहर ५० डेसिबलपर्यंत दिसली, खाली नाही. बहिणीने विचारलं, हे कायमचं का? त्यांनी पुढच्या तपासण्या सांगितल्यात. आम्ही काय विचारायला हवं?

श्रवणा (गुरुवार, सायंकाळी ६:००)

तीन गोष्टी विचारा. एक, हाडातून आवाज देऊन बेरा केली का? कानामागच्या हाडावर कंपक ठेवला की आवाज पडदा ओलांडून थेट शंखापर्यंत जातो. त्यात उंबरठा चांगला आला तर अडथळा मधल्या कानात, म्हणजे बहुधा पाणी, आणि ते बऱ्याचदा ओसरतं. दोन, टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडद्याची हालचाल. इतक्या लहान बाळाला ती १००० हर्ट्झच्या स्वरानेच करायला हवी, मोठ्यांचा नेहमीचा स्वर लहानग्यांत फसवतो. तीन, टक् ऐवजी वेगवेगळ्या पट्टीच्या स्वरांवर बेरा. टक् प्रामुख्याने उंच पट्टीबद्दल सांगतो, खालच्या पट्टीचं स्वतंत्र बघावं लागतं.

आमच्यात हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. तुम्ही अगदी वेळेत आहात.

वाट_पाहते (गुरुवार, रात्री १०:२०)

नवीन सदस्य आहे, आत्तापर्यंत फक्त वाचत होते. माझी मुलगी चौदा महिन्यांची, हाक मारली तरी बघत नाही. तालुक्याला ही सोय नाही, खासगीचा खर्च झेपणार नाही. सरकारीत कुठे होते?

श्रवणा (गुरुवार, रात्री १०:३२)

ताई, बरं झालं विचारलंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण येतं. २०१३ मध्ये तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवणदोषांसाठीची केंद्र सरकारची. चौदा महिन्यांच्या मुलीला बेरासाठी झोपेचं औषध लागू शकतं, म्हणून सर्दी-ताप असेल तर आधी सांगा. बरोबर तिचे जन्माचे कागद घ्या: कावीळ, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, किती दिवस. आणि याच आठवड्यात निघा. जिल्हा कोणता ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा.